हळदीचें बेणें

सातारा आणि सांगली या दोन नांवांभोंवतीं आमच्या इतिहासलेखकांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. साताऱ्याची गादी, १८४८ सालीं खालसा झालेलें तेथील राज्य, पटवर्धनांच्या घरांतील तंटे, चिंतामणराव आप्पासाहेबांनीं १८०१ सालीं मिरजेहून वेगळें निघून सांगलीस केलेली राजधानी, या सर्वांवर कागद आहेत, आणि कागद आहेत म्हणून ग्रंथहि आहेत. ही कोणाची निंदा नव्हे. आम्ही स्वतः त्याच कागदांवर वाढलों. परंतु याच कृष्णाकांठीं एक वस्तु अशी आहे कीं, तिच्यावांचून राजवाड्यांतलें किंवा कुणब्याच्या झोपडींतलें एकहि लग्न लागलें नसेल, आणि तरीहि ती एका शेतांतून दुसऱ्या शेतांत कशी गेली याचा कागद मात्र कोणीं करून ठेविला नाहीं. ती वस्तु म्हणजे हळद.

हळदीचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पहिलीच अडचण मोठी विलक्षण येते. बाजारांत मिळणारी हळद मेलेली असते. हळकुंड पेठेंत येतें तें उकडून, वाळवून आणि घासून. तें कितीहि चांगल्या जमिनींत पुरलें तरी कुजेल, उगवणार नाहीं. ज्वारीचें पोतें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेलें तर त्यांतले मूठभर दाणे कोणीहि पेरूं शकतो; धान्याचा व्यापार आणि धान्याचा वंश हे एकाच गाडींतून प्रवास करितात. हळदीच्या शंभर पोत्यांतून एक रोप निघावयाचें नाहीं. म्हणून व्यापाऱ्यांच्या वह्या, जकातीचे आंकडे, बंदरांतील नोंदी यांवरून हळदीचा रंग कोठवर पोंचला तें समजतें. हळदीचें झाड कोठून कोठें गेलें तें समजत नाहीं. तें जावयाचें तर कोणीतरी ओला गड्डा बरोबर घेऊन गेलें पाहिजे.

दुसरा मार्गच नाहीं, कारण हळदीच्या शेतांत बीं मिळत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या पानांमधून फिकट तुरा निघतो, त्याच्या खवल्यांआड लहान पिवळीं फुलें येतात, आणि तेथेंच तो सोहळा संपतो. वनस्पतिशास्त्रज्ञ याचें कारण असें देतात कीं, लागवडींतील बहुतेक हळदीच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन ऐवजीं तीन संच असतात. एकूण संख्या ६३. बीजधारणेच्या वेळीं जोड्या लागतात तेव्हां तिसरा संच उरतो आणि सारें गणित बिघडतें. आपल्या परसांतील केळीचीहि बहुधा हीच कथा आहे. प्रयोगशाळेंत खटपट करून हळदीच्या कांहीं जातींपासून बीं मिळविलें गेलें आहे. पण शेतकऱ्याच्या व्यवहारांत त्याला स्थान नाहीं.

यांतून जें निष्पन्न होतें तें वाचकांनीं थोडें थांबून पाहावें. वाईच्या मळ्यांत आज उभें असलेलें हळदीचें रोप हें गेल्या वर्षींच्या रोपाचें अपत्य नव्हे. तें तेंच रोप आहे. त्याचा एक तुकडा तोडून पुन्हा लाविला, एवढेंच. तुकड्याचा तुकडा, त्याचा पुन्हा तुकडा, असे मागें मागें गेलें तर मध्यें कोठेंहि नवा जन्म आढळत नाहीं. आढळतो तो प्रत्येक वर्षीं कोणीतरी पुढें केलेला हात. खरी रानटी म्हणावी अशी हळद आज कोठें उगवत असल्याचें ठाऊक नाहीं. कासच्या पठारावर पावसाळ्यांत जे गुलाबी-जांभळे तुरे दिसतात ते रानहळदीचे. ती या कुळांतली बहीण खरी, पण निराळी, आणि ती माणसाची वाट न पाहतां आपली आपण वाढते. घरच्या हळदीला ती सोय नाहीं. ज्या गांवांत सर्वांनींच एक वर्ष लागवड चुकविली त्या गांवाचें बेणें संपलें. जोंधळा कणगींत दोन वर्षें थांबतो. गड्डा दुसरा उन्हाळा पाहत नाहीं.

तेव्हां हळदीचा इतिहास पाहावयाचा तो प्रथम शेतांत. लागवडीचा जुना मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. त्यासाठीं घेतात तो जेठा गड्डा, म्हणजे मागील पिकाच्या मुख्य खोडाखालीं पोसलेला कंद. तो निरोगी, जड आणि डोळे शाबूत असलेला हवा, शेतकीचे जाणते पन्नास ग्रॅमांहून अधिक वजनाचा घ्या म्हणून सांगतात. हेक्टरीं पंचवीस क्विंटलांच्या आसपास बेणें लागतें, यावरून हा व्यवहार किती भारी आहे याची कल्पना येईल. पुरलेल्या गड्ड्याचा डोळा फुटून नवें खोड उभें राहतें. त्या खोडाचा बुंधा जमिनींत फुगून नवा जेठा गड्डा होतो. त्याच्या कुशींतून बगलगड्डे निघतात, आणि त्यांना बोटांसारखीं हळकुंडें फुटतात. आठ-नऊ महिन्यांनीं पाला पिवळा पडून लोळूं लागला म्हणजे पौष-माघांत खणती होते.

खणून काढलेल्या प्रत्येक झुपक्यांत एक सुरकुतलेला, काळपट पडलेला कंद असतो. ज्याच्यापासून हें सर्व झालें तो लागवडीचा मूळ गड्डा. त्याला सोरा गड्डा म्हणतात. आठ महिने तो जमिनींत राहिला, त्याचा सत्त्वांश नव्या कोंबांनीं ओढून घेतला, आणि आतां तो वेगळा काढून टाकतात. चांगल्या मालांत त्याची गणना नाहीं. आम्हांला मात्र त्या ढिगाऱ्यांतला सर्वांत बोलका नग तोच वाटतो. जुन्या दप्तरांतल्या वाळवी लागलेल्या रुमालासारखा तो असतो. बाकीचें सर्व त्याची नक्कल.

वेगळे काढलेले जेठे गड्डे झाडाच्या सावलींत ढीग करून हळदीच्याच पाल्यानें झांकतात, आणि दोन-अडीच महिने ते तसेच निजून राहतात. बाकीचा माल शिजावयास जातो. पूर्वीं गुऱ्हाळाच्या काइलींतच हळकुंडें शिजत. वर पाला, त्यावर ओलीं पोतीं, आणि काडी टोंचली असतां सहज आरपार गेली कीं खालचा जाळ ओढावयाचा. आतां वाफेचीं यंत्रें आलीं आहेत. पुढें पंधरवडाभर ऊन, आणि मग घासणी. पांच मण ओल्या हळदीची सुमारें एक मण वाळलेली होते.

या सर्व कामांत कठिण काय, असें विचारलें तर कोणी खणती सांगेल, कोणी जाळापुढची उभ्यानें केलेली रात्र सांगेल. आमच्या मतें सर्वांत कठिण काम ढिगाच्या बाजूस बसून गड्डे निवडण्याचें. पांच मणांचें एक मण होत असलें तरी जड गड्डा तो जडच. भाव चढलेला असतो, सावकार किंवा सोसायटी दारांत उभी असते, घरांत लग्न निघालेलें असतें, आणि अशा वेळीं सर्वांत पोसलेला माल न विकतां झाडाखालीं झांकून ठेवावयाचा. हलका माल बेण्यास ठेवून भारी माल विकण्याचा मोह होत नसेल असें नाहीं. ज्या घरांनीं तो केला त्यांची हळद पांच-दहा वर्षांत उतरली असणार. म्हणजे आज आपल्या फोडणींत पडणारी हळद ही अशा असंख्य घरांनीं, असंख्य वर्षीं, मोह आवरल्याचा परिणाम आहे. या निर्णयांची नोंद कोठेंहि झालेली नाहीं, कारण ज्यांनीं ते केले त्यांना ते निर्णय वाटलेच नाहींत.

हा क्रम किती जुना? हरियाणांत फरमाणा येथें हडप्पाकालीन वसाहतीच्या उत्खननांत सांपडलेल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दांतांवर हळदीचे व आल्याचे सूक्ष्म पिष्टकण आढळले. ती वसाहत चार हजार वर्षांहून जुनी आहे. अमरकोशानें हळदीला रात्रीचीं नांवें दिलीं आहेत. निशा, रजनी हे शब्द वैद्यकांत हळदीलाच लागू पडतात. पिवळ्या वस्तूला काळोखाचें नांव कां, यावर पंडितांनीं खुशाल वाद करावा. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादांत हळदीला देशी केशर म्हटलें असून निरनिराळ्या लोकांतील तिचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत गोव्याकडील लोकांच्या तोंडचें म्हणून 'अलद' हें नांव येतें. ह-काराला आपल्या भाषेंत स्थान नसलेल्या परदेशी कानानें टिपलेला तो आपलाच शब्द. लिनीअसनें १७५३ सालीं तिचें शास्त्रीय बारसें केलें. या सर्व नोंदी हळद होती एवढें सांगतात. ती या शेतांतून त्या शेतांत कशी गेली हें यांपैकीं एकहि सांगत नाहीं.

इतर देशांतहि असे प्रवास झाले आहेत, आणि तेथेंहि कागद मुके आहेत. हवाई बेटांवर हळदीला 'ओलेना' म्हणतात. पॅसिफिक महासागरांतून होड्या वल्हवीत जे लोक त्या बेटांवर वस्तीस गेले त्यांनीं होडींत मोजकीं उपयुक्त रोपें नेलीं, त्यांत हळदीचे जिवंत गड्डे होते. शेंकडों कोसांच्या खाऱ्या पाण्यावरून एक ओला कंद जिवंत नेणें हें दर्यावर्दीपणाइतकेंच शेतकीचें कौशल्य होय. दुसरें उदाहरण युरोपांतील बागांच्या लाडक्या आयरिस या फुलाचें. त्याच्या आडव्या कंदाचा मधला जुना भाग कालांतरानें फुलावयाचा थांबतो; माळी तो टाकून देतो आणि कडेचे तरुण तुकडे पुन्हा लावतो. आपल्याकडील सोऱ्या गड्ड्याचा हा चुलतभाऊच! त्या कुळांतील अल्बिकान्स नांवाची पांढऱ्या फुलाची एक जात अरबस्तान व येमेन येथली. तिलाहि बीं धरत नाहीं. मुसलमानांत ती कबरींवर लावण्याची चाल होती, आणि त्या चालीबरोबर ती थेट स्पेनपर्यंत पोंचली. म्हणजे तिच्या प्रवासाचा नकाशा काढावयाचा तर जुन्या कबरस्तानांचा काढावा लागेल. हळदीचा नकाशा काढावयाचा तर बहुधा सोयरिकींचा काढावा लागेल. लेक ज्या गांवीं दिली त्या गांवीं बेण्याची पाटी गेली नसेल असें मानणें कठिण आहे. अर्थात् हा आमचा तर्क. पण व्यापाऱ्याची गाडी जें नेऊं शकत नव्हती तें नेण्यास नात्याखेरीज फारसें दुसरें वाहन नव्हतें.

कागद नसला तरी एक पुरावा कसाबसा शिल्लक आहे, तो जातींच्या नांवांत. सांगली-साताऱ्याकडे राजापुरी हळद जुनी आणि मानाची. कोकणांतील राजापुराचें स्मरण त्या नांवानें होतें, पण केवळ नांवावरून मूळ गांव ठरवूं नये. सेलम ही तमिळ देशांतील सालेमची. तेलुगु देशांतील कडप्पा हळदीवर सांगलीजवळच्या डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रांत निवड होऊन जी जात निघाली तिला 'कृष्णा' असें नांव मिळालें. पेन्नेच्या खोऱ्यांतला गड्डा कृष्णेच्या मळीवर येऊन त्या नदीचेंच नांव धारण करून बसला. दत्तकविधान याहून निराळें काय असतें? जातां जातां एक गैरसमज दूर करूं. वायगांव हळदीची कीर्ति ऐकून कित्येक सुशिक्षित लोक ती साताऱ्याच्या वाईची समजतात. वायगांव वर्धा जिल्ह्यांत आहे. वाईच्या ब्राह्मणांनीं पुष्कळ गोष्टींचें श्रेय घेतलें आहे. एवढें एक विदर्भाकडे राहूं द्यावें.

आतां सांगलीकडे. सांगली जिल्हा साताऱ्यांतूनच निघालेला. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा असा जिल्हा करण्यांत आला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. नदीनें हे दोन प्रांत कधींच वेगळे मानले नव्हते. महाबळेश्वरीं निघालेली कृष्णा वाईचे घाट ओलांडून कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि सांगलीखालीं हरिपुरास वारणेला घेऊन पुढें जाते. साताऱ्याच्या बाजूस कऱ्हाड तालुक्यांतील पाल येथें पौषांत खंडोबाचें लग्न लागतें आणि भंडाऱ्यानें सारा गांव पिवळा होतो. त्याच सुमारास खालच्या मळ्यांतून खणतीला आरंभ होतो. वर देवाच्या अंगावर मेलेली हळद उधळली जाते, खालीं शेतकरी जिवंत हळद वेंचून बाजूस ठेवीत असतो.

सांगलीचें नांव देशभर गेलें तें पिकापेक्षां पेठेमुळें. येथें सौदे होत, वायदे होत, दूरच्या प्रांतांतला मालहि येथें येऊन सांगलीचा म्हणून पुढें जाई. या पेठेला आधार होता हरिपूरच्या पेवांचा. संगमेश्वराच्या देवळामुळें लोकांस ठाऊक असलेल्या या गांवची माती चिवट, खणली असतां न ढांसळणारी. तींत पुरुषभराहून पुष्कळ खोल खड्डे घेत. तोंड अरुंद, पोट रुंद. आंत पाला-पेंढ्याचें अस्तर, त्यांत हळदीचीं पोतीं, आणि तोंड मातीनें बंद. आंतली हवा संपली म्हणजे किडा जगत नाहीं, ओल शिरत नाहीं, आणि हळद वर्षानुवर्षें जशीच्या तशी राहते. रंग तर उलट खुलतो असें व्यापारी सांगत. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणें मात्र जिवावर बेतूं शकतें, कारण जी हवा किड्याला पुरत नाहीं ती माणसाला कोठून पुरणार? म्हणून तोंड मोकळें करून थांबावें लागे. एखाद्या गोष्टीचें 'पेव फुटणें' हा वाक्प्रचार आपण शहरांत बसून नित्य वापरतों. तो अशाच भुईंतल्या कोठारांवरून आलेला आहे, हें हरिपुराकडील मुलांना सांगावें लागत नसे.

२००५ सालच्या महापुरानें हीं पेवें बुडविलीं. वारणा आणि कृष्णा यांच्या संगमावरच्या गांवाला पूर नवा नव्हता. पण एवढें पाणी एवढे दिवस राहिलें कीं पुष्कळ पेवें कामांतून गेलीं, आंतला माल नासला, आणि व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. २०१९ सालीं पाणी पुन्हा आलें. पेवांच्या नाशाबद्दल पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली आणि ती योग्यच होती. एक अस्सल देशी कारागिरी त्यांबरोबर गेली. तथापि पेव हें मेलेल्या हळदीचें घर. त्यांत माल दहा वर्षें राहो कीं वीस, त्यांतून पुढचें पीक निघत नव्हतें. पुढच्या पिकाचें घर म्हणजे झाडाखालचा तो पाल्यानें झांकलेला ढीग, आणि त्या ढिगाचें काय झालें याची विचारपूस कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

विचारपूस करण्यासारखें पुष्कळ घडलें आहे. सेलम जातीचें उत्पन्न चांगलें, भाव चांगला. तिनें जुन्या जातींना मागें सारलें. यांत शेतकऱ्याचा दोष काढणारे आम्ही कोण? दोन एकरांवर कुटुंब चालविणाऱ्यानें जुन्या बेण्याचें संग्रहालय काढून बसावें ही अपेक्षा पेन्शनरांना शोभते. त्यांतच पाटाचें पाणी आलें आणि उंसानें मळे घेतले. परंतु धान्याची जुनी जात मागें पडली तर तिचे दाणे कोठेंतरी डब्यांत राहतात. हळदीची जुनी जात मागें पडली म्हणजे तिचा शेवटचा गड्डा एका विशिष्ट वर्षीं, एका विशिष्ट काइलींत शिजला. कोळिकोड येथील मसाला संशोधन संस्थेंत हळदीच्या नाना जाती जतन केल्या आहेत; तेथेंहि मुख्य उपाय जुनाच, जमिनींत लावावयाचें, काढावयाचें आणि पुन्हा लावावयाचें.

हळदीच्या रक्षणासाठीं आम्ही लढलों नाहीं असें नाहीं. जखमेवर हळद लावण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळालें, तेव्हां मूळ गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या परिषदेचे प्रमुख होते त्या भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्यास हरकत घेतली, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. वायगांवला तें दोन वर्षें आधींच मिळालें होतें. या दोन्ही गोष्टींचा आम्हांस अभिमान आहे. तथापि पहिल्यानें ज्ञान राखलें, दुसऱ्यानें नांव राखलें. गड्डा राखण्याचें काम कोणत्याहि कचेरीस करतां येत नाहीं. तें ढिगाजवळ बसलेल्या माणसाचेंच आहे.

महाराष्ट्रांत हळदीचें सर्वांत मोठें क्षेत्र आतां कृष्णाकांठीं नसून हिंगोली-नांदेडकडे आहे. वसमतच्या हळदीलाहि २०२४ सालीं मानांकन मिळालें. तेथील प्रत्येक शेतांतला पहिला गड्डा कोणत्या तरी सालीं कोणत्या तरी गांवाहून मालमोटारींत किंवा सायकलीच्या कॅरिअरवर बांधून आला असला पाहिजे, आणि हा प्रवास इतका अलीकडचा आहे कीं, बेणें नेणारे व देणारे दोघेहि पुष्कळ ठिकाणीं हयात असतील. ज्या वाचकांचे आप्त वाई, कोरेगांव, कऱ्हाड, वाळवें, मिरज या तालुक्यांत शेती करितात त्यांनीं सुट्टींत गांवीं गेल्यावर एवढें विचारून घ्यावें: घरांत हळद प्रथम कोणीं आणली, कोणाकडून आणली, पैसे दिले कीं नात्यानें मिळाली, जुन्या जातीचें नांव काय होतें, आणि ती कोणत्या वर्षीं सुटली. उत्तर बहुधा घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असेल; गड्डे निवडावयास त्याच बसत. तें साल-गांवासह वहींत उतरून घ्यावें.